पलीकडच्यांचं शहर

मेक्सिकोतल्या पुएब्लात वाट चुकायला अंगी विशेष कर्तबगारी लागते. सोकालोच्या, म्हणजे मुख्य चौकाच्या, एका कोपऱ्याशी दोन रस्ते एकमेकांना छेदतात. तिथे शून्य धरायचं आणि अख्ख्या जुन्या शहराचे आकडे मोजत सुटायचं. उत्तर-दक्षिण गल्ल्यांना पूर्वेकडे सम आकडे, पश्चिमेकडे विषम. पूर्व-पश्चिम रस्त्यांना उत्तरेकडे सम, दक्षिणेकडे विषम. कुणी ‘पाच ओरिएन्ते’ म्हटलं, तर जागा चौकाच्या दक्षिणेला आणि शहराच्या पूर्वेच्या अर्ध्यात आहे, हे न विचारता कळतं. माझा भाचा चाकणहून इथल्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आला आणि रमला. पुएब्ला हे गाड्यांचं गाव आहेच. जुन्या बीटलची जगातली शेवटची गाडी ३० जुलै २००३ला इथल्याच फोक्सवॅगनच्या कारखान्यातून बाहेर पडली. मी आल्याआल्याच त्याने मला बजावलं, “मावशी, इथे मॅप उघडायचा नाही. पाढे येत असले की पुरे.”

इतकी सरळ शहरं आपोआप वाढत नाहीत. कुणीतरी दोरी धरून ती आखलेली असतात, आणि दोरी धरणाऱ्याच्या मनात आत कोण आणि बाहेर कोण हे आधीच ठरलेलं असतं. पुएब्लाची स्थापना १६ एप्रिल १५३१ची. आस्तेकांची राजधानी पडून जेमतेम दहा वर्षं झाली होती. जहागिरी न मिळालेले स्पॅनिश लोक नव्या मुलखात उंडारत होते. व्हेराक्रूझचं बंदर आणि राजधानी यांच्या वाटेवर त्यांना एक स्वतंत्र गाव वसवून द्यावं, तिथे त्यांनी आपल्या हातांनी जमीन कसावी, असा बेत होता. मोतोलिनिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्सिस्कन साधूने पहिली प्रार्थना म्हटली. पुढे दंतकथा जोडली गेली की बिशप गार्सेस यांच्या स्वप्नात देवदूत आले आणि त्यांनीच दोऱ्या ताणून रस्ते आखले. म्हणून गाव देवदूतांचं.

देवदूतांनी दोरी धरली असेलही. माती, दगड आणि लाकूड वाहिलं ते त्लाश्काला, चोलुला आणि उएहोत्सिंगोहून आणलेल्या हजारो माणसांनी. आपल्या हातांनी जमीन कसणारा स्पॅनिश शेतकरी कागदावरच राहिला. पहिल्याच पावसाळ्यात वस्ती पाण्याखाली गेली, तेव्हा त्याच वर्षी ती सान फ्रान्सिस्को नदीच्या दुसऱ्या काठावर हलवली आणि मग व्यवस्था पक्की झाली. पश्चिमेला चौकोनी आखणीतले स्पॅनिश, पूर्वेला नदीपलीकडे बांधकाम करणाऱ्यांच्या वस्त्या : एल आल्तो, अनाल्को, शानेनेत्ला. दिवसा पुलावरून अलीकडे येऊन राबायचं आणि काम संपलं की पलीकडे.

ती नदी आता दिसत नाही. पुराला आणि दुर्गंधीला कंटाळून १९६०च्या दशकात तिला काँक्रीटखाली घातली आणि वर रुंद हमरस्ता केला. सिग्नलला थांबलेल्या गाड्यांमधून मी तो किती वेळा ओलांडला असेन. अनाल्कोत शनिवार-रविवारी बाजार भरतो. शानेनेत्लाच्या घरांवर हल्ली मोठमोठी रंगीत चित्रं काढली आहेत आणि ती पाहायला लोक वाट वाकडी करून जातात. त्या रस्त्यावरून ये-जा करताना एक गोष्ट डोक्यात बसली ती निघेना. या गावाने वेशी आखल्या त्या पलीकडच्यांना पलीकडे ठेवण्यासाठी. पण आज पाहुणा इथे ज्यासाठी येतो, ज्याला हात लावतो, जे चाखतो, ते जवळजवळ सगळं पलीकडून आलेलं आहे. काही नदीपलीकडून, काही समुद्रापलीकडून.

तालाव्हेराचंच घ्या. पुएब्लाच्या जुन्या घरांच्या भिंती लाल विटांच्या, आणि त्या विटांमध्ये निळ्या-पांढऱ्या चकचकीत फरश्या जडवलेल्या. घुमट फरश्यांचे, कारंजी फरश्यांची, स्वयंपाकघरं फरश्यांची. स्पेनमधल्या तालाव्हेरा दे ला रेना या गावाचं नाव या कामाला मिळालं. पण कथिलाची पांढरी झिलई चढवायची विद्या स्पेनला अरबांनी दिलेली. आणि निळी वेलबुट्टी? तिला वळण चिनी मातीच्या भांड्यांनी लावलं. १५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षं मनिलाहून आकापुल्कोला जहाजं येत होती. त्यातलं रेशीम, मसाले, चिनी भांडी खेचरांच्या पाठीवरून डोंगर चढायची आणि व्हेराक्रूझकडे जाताना पुएब्लात थांबायची. इथल्या कुंभारांनी ती भांडी पाहिली आणि आपल्या मातीत तशी करायचा घाट घातला. १६५३च्या सुमाराला त्यांच्या संघाने नियम केले : माल किती प्रतींचा, कोणत्या प्रतीला कोणता रंग, उस्तादाची खूण कुठे. त्यातच असाही नियम होता की काळ्या किंवा मिश्र वंशाच्या माणसाला उस्तादाच्या परीक्षेला बसू द्यायचं नाही. अरबांची विद्या आणि चिनी नक्षी चालली. चाकावर बसलेल्या माणसाची कातडी मात्र तपासायची.

मी एका जुन्या कारखान्यात गेले. दोन प्रकारची माती, एक काळी आणि एक पांढरी, भिजवून, गाळून, पायांनी तुडवून एकजीव करतात आणि मुरत ठेवतात. पहिली भाजणी झाली की भांडं विटकरी होतं. मग ते झिलईच्या पांढऱ्या पाण्यात बुडवून काढतात. रंगकाम करणाऱ्या खोलीत खिडकीजवळ एक मध्यमवयीन बाई बसली होती. तिच्यासमोर एक मोठी थाळी, झिलई वाळून खडूसारखी झालेली. तिने बारीक भोकं पाडलेला कागद थाळीवर ठेवला, कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून आपटत नेली आणि कागद उचलला. थाळीवर काळ्या ठिपक्यांचा एक पक्षी उमटला होता. दिवाळीत भोकांच्या कागदावरून रांगोळी पाडणाऱ्या हातांना यात शिकवण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. पण ते पुढचं पाहीपर्यंतच. आमची रांगोळी चुकली तर फडक्याने पुसता येते. इथे कोरडी झिलई रंग पडताक्षणी पिऊन टाकते. ब्रश अडखळला तर अडखळलेलाच भट्टीत जातो. कोबाल्टचा रंग ओला असताना मळकट करडा दिसतो, निळा होतो तो दुसऱ्या भाजणीनंतर, हजार अंशांच्या वर. म्हणजे ती बाई दिवसभर अशा रंगात काम करते, जो तिला काम करताना दिसत नाही.

अस्सल माल ओळखायची रीतही तिनेच दाखवली. पार्श्वभूमी शुभ्र असली तर नाही म्हणायचं. ती सायीच्या रंगाची हवी. नक्षीवरून बोट फिरवायचं. निळा किंचित वर आलेला लागला पाहिजे. खालच्या बाजूला सही हवी. २०१९ साली युनेस्कोने पुएब्ला, त्लाश्काला आणि स्पेनमधल्या दोन गावांचं हे काम एकत्रच वारसा म्हणून नोंदवलं, तेव्हा उस्ताद कोण आणि शागीर्द कोण हा जुना वाद कागदोपत्री तरी मिटला. सही असलेल्या थाळीची किंमत ऐकून मी दोन छोट्या फरश्यांवर भागवलं. बाजारात ढिगाने मिळणारी नक्कल स्वस्त असते आणि प्रामाणिकपणे शुभ्र असते.

सांता रोसाच्या मठातलं स्वयंपाकघर फरश्यांनी छतापर्यंत मढवलेलं आहे, आणि मोले पोब्लानो हे कालवण तिथे जन्मलं असं सांगतात. सिस्टर आंद्रेआ नावाच्या जोगिणीने बड्या पाहुण्यासाठी हाताला लागेल ते वाटलं आणि टर्कीवर ओतलं, अशी कथा. मला ती फारशी पटत नाही. मिरच्या वाटून दाट कालवण करायची रीत स्पॅनिश येण्याच्या कितीतरी आधीपासून इथे होती, आणि तीन पायांच्या दगडी मेताते पाट्यावर गुडघे टेकून तासन्‌तास वाटण करणारी बाई जोगीण नसणार. कथेने नाव जोगिणीचं ठेवलं आणि पाट्यामागची बाई गाळली. चव मात्र कुणाला गाळत नाही. बाजारात मोलेचा काळपट गोळा परातीत डोंगरासारखा रचलेला असतो. विकणारी मावशी तोर्तियाचा तुकडा मोडून, त्यावर बोटभर लावून पुढे करते. आधी भाजलेल्या मिरचीचा कडवटपणा येतो, मग तीळ, मग मनुका, दालचिनी, लवंग, आणि सगळ्यात शेवटी, घास गिळून झाल्यावर, चॉकलेट. गोड म्हणावं तर गोड नाही. मिरची, कोको आणि टर्की इथली. तीळ, लवंग आणि दालचिनी आपल्या बाजूच्या समुद्रातून आलेली. त्याच काळात पोर्तुगीजांच्या जहाजांतून इथली मिरची आपल्याकडे येत होती. आम्हाला ती इतकी आपली वाटते की मिरचीशिवाय महाराष्ट्र कसा जेवत असेल याचा विचार करायला बसलं तर पोटात गोळाच येतो.

मक्याचं तर बोलायलाच नको. याच राज्यातल्या तेहुआकानच्या खोऱ्यातल्या गुहांत पाच हजार वर्षांपूर्वीची, बोटाएवढी कणसं सापडली. मक्याचा विषय निघाला की वर्ध्यात जन्मलेले पांडुरंग खानखोजे आठवतात. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक देशोदेशी हिंडत १९२०च्या दशकात मेक्सिकोत पोचला, राजधानीजवळच्या चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवू लागला आणि मक्याच्या नव्या जातींवर काम करत राहिला. दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या एका चित्रात भाकरी वाटून घेणाऱ्या पंगतीच्या मुख्य जागी त्यांना बसवलं आहे. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या मेक्सिकन सहकाऱ्यालाही नव्हतं, पण चित्र मात्र त्याने शाळेच्या सहलीत पाहिलं होतं.

खाण्याबद्दल लिहीत बसले तर बाकीचं राहील. चिलेस एन नोगादा हा झेंड्याच्या तीन रंगांचा प्रकार ओल्या अक्रोडाच्या दिवसांत, जुलै ते सप्टेंबरमध्ये मिळतो आणि मी गेले ऑक्टोबरच्या अखेरीस, तेव्हा तो विषय संपला. सेमिता नावाच्या तीळ लावलेल्या पावात पापालो नावाची एक पालेभाजी कच्ची घालतात. तिचा वास कोथिंबिरीला लाजवील इतका उग्र असतो आणि दुसऱ्या दिवशी तोच हवासा वाटतो. आणि ताको आराबे. १९३०च्या दशकात इराक आणि लेबनॉनकडून आलेल्या अरब कुटुंबांनी उभ्या सळईवर मांस भाजायची रीत आणली. गावाने मेंढीच्या जागी डुक्कर घातलं, रोटी तशीच ठेवली आणि वर चिपोत्लेची चटणी ओतली. अरबांच्या नावाने डुकराचं मांस विकणारं दुसरं गाव जगाच्या पाठीवर शोधून सापडायचं नाही. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

सहा ओरिएन्ते हा मिठायांचा रस्ता. सांता क्लाराच्या जोगिणींच्या नावावर इथे रताळ्याच्या कांड्या मेणकागदात गुंडाळून विकतात, भोपळ्याच्या बियांच्या वाटणाची टिकली लावलेली बिस्किटं विकतात. काचेमागे सगळं गुलाबी, पिवळं, पिस्त्याच्या रंगाचं. याच रस्त्यावर एका घराचा दर्शनी भाग गोळ्यांनी चाळणी झालेला आहे आणि तो तसाच ठेवला आहे. घर आकिलेस सेर्दान याचं. चपलांच्या धंद्यातला माणूस. क्रांतिकारी नेता मादेरो याने पुकारलेल्या उठावासाठी त्याने घरात बंदुका साठवल्या होत्या. २० नोव्हेंबर १९१०ला उठायचं ठरलं होतं, पण पोलीस १८ तारखेलाच दारात आले. मोजकी माणसं आणि समोर शेकडो शिपाई. बहीण कार्मेन बंदूक घेऊन सज्जात आली आणि रस्त्यावरच्या लोकांना हाका मारत राहिली. लोक आले नाहीत. सेर्दान जमिनीखालच्या एका खड्ड्यात लपला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बाहेर पडताच मारला गेला. मेक्सिकन क्रांतीच्या पहिल्या गोळ्या इथे सुटल्या म्हणतात. तो खड्डा आजही पाहता येतो. मला कार्मेनने हाका मारल्या ती जागा पाहायची होती. ती पाहिली, खाली उतरले आणि समोरच्या दुकानातून रताळ्याच्या कांड्या घेतल्या. दुकानदार बाईने त्या भोकांकडे बोट दाखवून काहीही सांगितलं नाही. रोज त्याच्याच समोर दुकान उघडायचं, तर त्याचं किती कौतुक करणार?

ज्या लढाईमुळे पुएब्लाचं नाव अमेरिकेत बिअरच्या जाहिरातींवर पोचलं, ती ५ मे १८६२ची लढाई गावाबाहेरच्या टेकडीवरच्या लोरेतो आणि ग्वादालुपे या किल्ल्यांपाशी झाली. जनरल सारागोसाच्या सैन्याने फ्रेंचांना मागे रेटलं. त्यात उत्तरेच्या डोंगरातले मूळ रहिवासीही लढले. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी वेढा घालून शहर घेतलं, हे सांगायला मात्र तिथे फारसं कुणी उत्सुक नसतं.

पाच ओरिएन्तेवर बिब्लिओतेका पालाफोक्सियाना आहे. बिशप हुआन दे पालाफोक्स यांनी १६४६ साली आपली पाच हजार पुस्तकं दिली आणि अट घातली की ज्याला वाचता येतं अशा कुणालाही ती वाचू द्यावीत. आता चाळीस हजारांहून अधिक ग्रंथ लाकडी कोरीव कपाटांत तीन मजल्यांवर रचलेले आहेत. लांबलचक दालन, थंड हवा, जुन्या कातडी बांधणीचा वास. पुस्तकांना हात लावता येत नाही हे बरोबरच आहे. मला त्या अटीचं आश्चर्य वाटत राहिलं. ‘ज्याला वाचता येतं’ म्हणजे किती जणांना? त्याच वर्षी, तिथून हाकेच्या अंतरावर, या शहरात एक बाई राहत होती जिला वाचता येत नव्हतं. तिच्या आयुष्यावर पुढे तीन खंड लिहिले गेले.

ती हिंदुस्थानातली. मूळ नाव मिर्रा असावं असं तिच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे. मोगलांच्या मुलखात कुठेतरी जन्मली. लहानपणी पोर्तुगीज चाच्यांनी पळवली, कोचीनला बाप्तिस्मा देऊन कातारिना दे सान हुआन केली, मनिलात विकली. १६२०च्या सुमाराला ती आकापुल्कोला उतरली आणि पुएब्लाच्या मिगेल दे सोसा नावाच्या व्यापाऱ्याच्या घरी गुलाम म्हणून आली. मनिलाच्या जहाजातून येणाऱ्या सगळ्यांनाच इथे चिनी म्हणत, त्यामुळे तीही चिनी ठरली. मालक वारल्यावर तिला मोकळीक मिळाली. पुढे एका पाद्र्याच्या घरी काम, एका चिनी गुलामाशी लग्न, आणि त्या लग्नातही तिने ब्रह्मचर्य सोडलं नाही असं चरित्रकार सांगतात. स्पॅनिश तिला शेवटपर्यंत धड आली नाही. येशू दिसतो, देवदूत बोलतात, समुद्रावरची जहाजं दिसतात, असं ती मोडक्यातोडक्या भाषेत जेझुइट पाद्र्यांना सांगायची आणि ते लिहून घ्यायचे.

५ जानेवारी १६८८ला ती वारली, तेव्हा अख्खं शहर लोटलं. लोकांनी तिच्या अंगावरच्या कपड्याचे तुकडे प्रसाद म्हणून ओढून नेले. तिला जेझुइटांच्या चर्चमध्ये पुरलं. आलोन्सो रामोस या पाद्र्याने १६८९पासून तिचं चरित्र तीन खंडांत छापलं. काही वर्षांतच इन्क्विझिशनने त्यावर बंदी घातली आणि तिची चित्रं बाळगायलाही मनाई केली. गुलाम बाईला इतके साक्षात्कार होणं धर्ममार्तंडांना झेपलं नसावं. रामोसचे खंड मी वाचलेले नाहीत, पण त्याच्या आधाराने लिहिलेलं जे वाचलं त्यात मला संशय येत राहतो तो एकाच गोष्टीचा : यात तिचं किती आणि लिहून घेणाऱ्याचं किती? हिंदुस्थानातली ती राजकन्या होती, हे ती बोलली की ते ऐकायला हवं होतं म्हणून ते ऐकलं गेलं?

चर्चने बंदी घातली तरी गावाने तिला सोडलं नाही. एकोणिसाव्या शतकात झुळझुळीत परकर, टिकल्यांची नक्षी, भरतकामाचं पांढरं पोलकं आणि खांद्यावर रेबोसो, म्हणजे शाल, असा एक ठसकेबाज वेष मेक्सिकोत गाजला. त्याला नाव पडलं चिना पोब्लाना, म्हणजे पुएब्लाची चिनी बाई. आणि कुणीतरी तो नेऊन कातारिनाच्या अंगावर चढवला. ती जन्मभर जाड्याभरड्या कपड्यात वावरली होती. १९१९ साली अॅना पाव्हलोव्हाने तो वेष घालून पायांच्या अंगठ्यांवर मेक्सिकन नाच केला, शाळांमधल्या मुली आजही घालतात, आणि हमरस्त्यावर, बुजलेल्या त्या नदीच्या वरच, तिचा पुतळा ठसक्यात कारंज्यात उभा आहे. आल्फेनिकेच्या घरात, म्हणजे साखरेच्या पाकासारखी कोरीव चुनेगच्ची असलेल्या अठराव्या शतकातल्या वाड्यात, मार्गदर्शकाने आम्हाला मोगल राजकन्येची आणि तिने समुद्रापलीकडून आणलेल्या वेषाची गोष्ट रंगवून सांगितली. आम्ही भारतातले आहोत हे कळल्यावर तर त्याला अधिकच स्फुरण चढलं. भाचा माझ्याकडे पाहून डोळ्यांनी विचारत होता, सांगायचं का याला? मी मान हलवून नको म्हटलं. पळवलेल्या, विकलेल्या, भाषा न आलेल्या पोरीला तिच्या मालकांच्या गावाने शेवटी आपली आजी म्हणून मिरवायचं ठरवलं असेल, तर तिच्या अंगावरचा परकर खोटा आहे म्हणून मी भांडायला जाणार नाही. पण जेझुइटांच्या चर्चमध्ये गेल्यावर तिच्या नावाची पाटी दिसली, तेव्हा मात्र मी कोचीनचा उल्लेख मोठ्याने वाचला. भाचा म्हणाला, “मावशी, हळू. प्रार्थना चालू आहे.”

गावाबाहेर चोलुलाला जगातला घनफळाने सर्वांत मोठा पिरॅमिड आहे. पाहायला गेलं तर गवताची टेकडी आणि वर स्पॅनिशांनी बांधलेलं पिवळं चर्च. स्वच्छ दिवशी त्यामागे पोपोकातेपेत्ल धूर सोडताना दिसतो. १९९४पासून तो पुन्हा जागा आहे. लोक त्याला लाडाने ‘दॉन गोयो’ म्हणतात आणि त्याची राख सकाळी खराट्याने झाडताना त्याच्या नावाने कुरकुरतातही. पण मला अधिक आवडलं ते जवळचं तोनान्त्सिन्त्लाचं चर्च. आत शिरलं की इंचभर जागा कोरी नाही. भिंती, खांब, घुमट सगळीकडे गिलाव्यातले देवदूत, फळं, मिरच्या, कणसं. देवदूतांचे चेहरे रुंद आणि सावळे, काहींच्या डोक्यावर पिसांचे तुरे. पाद्र्यांनी स्वर्ग करायला सांगितला आणि गवंड्यांनी आपल्या आळीतली पोरं चढवली. पुएब्लाच्या रोसारियो चॅपेलमधलं सोन्याचं काम, १६९०चं, पाहून डोळे दिपतात. इथे डोळे न दिपवता मी मान वर करून कितीतरी वेळ कोण कोणासारखं दिसतं हे शोधत बसले.

नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेला आम्ही वाकेचुलाला गेलो. आतलिस्कोच्या बाजूला शेतंच्या शेतं झेंडूने भरलेली. झेंडू मूळचा याच मुलखातला, हे दसऱ्याला तोरणं बांधणाऱ्या मला ठाऊक होतं, तरी डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेला तो पिवळा-भगवा पाहून गाडी थांबवायला लावली. मृतांच्या दिवसांत मेक्सिकोभर घरोघरी वेदी मांडतात. वाकेचुलाच्या वेदी निराळ्या. त्या वर्षी ज्यांच्या घरी कुणी गेलं, त्यांच्या घरात छताला टेकेल अशी पांढऱ्या साटीनची मजल्या-मजल्यांची वेदी उभी करतात. वर क्रूस, मधे मेणबत्त्या, फळं, साखरेची खेळणी, रडणाऱ्या मुलांच्या बाहुल्या. गेलेल्याचा फोटो खाली ठेवतात आणि तो समोरच्या आरशात दिसतो. झेंडूच्या पाकळ्यांची वाट रस्त्यापासून थेट वेदीपर्यंत येते, म्हणजे येणाऱ्याला घर चुकायला नको. दारं उघडी असतात आणि आत कुणीही जावं अशी रीत आहे. हातात एक मेणबत्ती न्यायची, ती वेदीपाशी ठेवायची, घरच्यांशी दोन शब्द बोलायचे. मग आजी, सुना, नाती मिळून तुम्हाला बाकावर बसवतात आणि जेवायला वाढतात. मोले, भात, पाव, पेला भरून गरम चॉकलेट. नाही म्हणायची सोय नाही. भाच्याने आधीच बजावलं होतं की नाही म्हणणं म्हणजे गेलेल्या माणसाला नाही म्हणणं.

पहिल्या घरात एक म्हातारे आजोबा गेलेले, दुसऱ्या घरात तरुण मुलगा. त्याची आई माझ्या शेजारी येऊन बसली आणि आम्ही एकमेकींना न समजणाऱ्या भाषांत बराच वेळ बोललो. कुठून आलात विचारल्यावर भाच्याने इंडिया सांगितलं. तिने मान डोलावली, उठली, आणि माझ्या अर्ध्या रिकाम्या ताटलीत पुन्हा मोले ओतून आली. तिसऱ्या घराच्या दारात मी भाच्याला विचारलं, निदान चॉकलेटवर भागेल का? “विचारून बघ,” म्हणाला, आणि आतून आधीच कुणीतरी ताटल्या मांडायला लागलं होतं.